काटापावतीच्या मागची यादी

पत्र:

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा, वय २६. एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. डिसेंबर आला की त्या वर्षी आवडलेल्या दहा सिनेमांची यादी करतो, आठ वर्षं झाली. यंदाची यादी पुण्याच्या मावसभावाला पाठवली. तो म्हणाला, ‘पाणी’ तर गेल्या वर्षीचा, तो यात कसा? ‘साबर बोंडं’ पाहिला नाहीस, ‘होमबाउंड’ पाहिला नाहीस, मग ही २०२५ची यादी कशी? ही तर सेलूत काय आलं त्याची यादी. ‘छावा’ एक नंबरला आणि ‘स्थळ’ पाचव्या, यावर तर तो लई हसला. यातले सहा सिनेमे मी मोबाइलवर पाहिलेत. खरं सांगतो, दोन एका ग्रुपवरून फुकट उतरवून घेतलेले आहेत. आई म्हणते, दिवसभर काट्यावर अन् रातभर त्या डबड्यात, डोळे जातील तुझे. तिनं सातवीत शाळा सोडली. थिएटरात पाहिलेला तिचा शेवटचा सिनेमा ‘माहेरची साडी’. यादी करणं सोडून द्यावं का? आणि सिनेमा चांगला आहे हे ओळखायचं कसं?
– एक प्रेक्षक, सेलू

उत्तर:

लेकरा, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करते.

पाकिटातून तुझी यादी निघाली तेव्हा आधी मी कागद उलटून पाहिला. काटापावती! पुढे भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि खाली निव्वळ. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने दहा नावं. ‘स्थळ’ आधी तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, मग त्यावर काट, मग पाचव्या ओळीत पुन्हा. ती काट मी बराच वेळ बघत बसले. सिनेमा वर ठेवायचा की खाली, यावर रात्री कुणीतरी जीव तोडून विचार केलाय हे त्या एका काटेवरून कळत होतं. यादी सोडायची नाही. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

वर्षाचा वाद आधी मिटवू. ‘पाणी’ हा आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला सिनेमा. लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीची गोष्ट: गावात पाणी नाही म्हणून पोरांना कुणी मुलगी देईना, आणि हनुमंत केंद्रे नावाच्या तरुणाने गाव हाताशी धरून पाणी अडवलं. आदिनाथ कोठारेने तो केला. पर्यावरणावरच्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१९ साली जाहीर झाला आणि सिनेमा थिएटरात लागला १८ ऑक्टोबर २०२४ला. मधली पाच वर्षं तो कुणाच्या यादीत होता? तुझ्या भावाने ‘स्थळ’ २०२५चा धरलाय, कारण तो ७ मार्च २०२५ला आपल्याकडे लागला. पण टोरांटोच्या महोत्सवात तो २०२३च्या सप्टेंबरमध्येच दाखवला होता आणि तिथे त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे टोरांटोच्या माणसाच्या हिशेबाने तुझा भाऊ दीड वर्ष मागे आहे! सिनेमा ज्याच्या दारात जेव्हा येतो तेव्हा तो त्याच्यासाठी नवा असतो. पुण्यात शुक्रवारी येतो, परभणीला कधी पुढच्या महिन्यात, आणि सेलूला पुष्कळदा थेट मोबाइलवरच. यात तुझा काय दोष? फक्त एक कर. नावापुढे दोन तारखा लिहीत जा, एक सिनेमा लागल्याची, दुसरी तू पाहिल्याची. दहा वर्षांनी त्या दोन तारखांमधलं अंतर बघशील तेव्हा तुझ्या गावापर्यंत सिनेमा कसा पोचत होता याची ती नोंद असेल. ती दुसऱ्या कुणाकडेच नसेल.

‘सेलूत काय आलं त्याची यादी’ हे भावाने हिणवून म्हटलं. मी म्हणते, तीच कर. पुण्याहून दिसलेल्या वर्षाच्या याद्या पुष्कळ आहेत. सेलूहून दिसलेलं २०२५ मला तुझ्याच कागदावर पहिल्यांदा वाचायला मिळालं.

आता चांगला सिनेमा ओळखायचा कसा. याचं उत्तर तुझ्या पावतीच्या पुढच्या बाजूलाच आहे. काट्यावर भरलेली गाडी येते तेव्हा तू त्या वजनाचे पैसे देत नाहीस. गाडी खाली होते, पुन्हा काट्यावर चढते, ते वजन वजा होतं आणि मग निव्वळ कळतं. सिनेमाही पहिल्या दिवशी भरलेलाच येतो. गाणी, पोस्टर, मित्रांच्या शिट्ट्या, तू कुणासोबत गेला होतास, त्या दिवशी पगार झाला होता का, सगळं त्या वजनात असतं. दोन महिने थांब. गाडी रिकामी होऊ दे. मग आठव, त्यातलं काय राहिलं? एखादा चेहरा, एखादं वाक्य, एखादी खोली? ते निव्वळ. मी यादी डिसेंबरात करतच नाही, फेब्रुवारीत करते. डिसेंबरात लागलेले सिनेमे तोवर खाली बसतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतले विसरलेले वर येतात.

याच काट्यावर ‘छावा’ चढवू. मीही तो तुडुंब भरलेल्या थिएटरात पाहिला. शेवटी माझ्या पुढच्या रांगेतला बाप आपल्या दहा वर्षांच्या पोराला छातीशी धरून रडत होता आणि मागे घोषणा चालल्या होत्या. ते सगळं आठवतं, पण मला आठवतं ते थिएटर. सिनेमातले लढायांचे प्रसंग एकमेकांत मिसळून गेलेत. संभाजीराजांसारखा विद्वान, कवी असलेला राजा त्या गर्जनांमध्ये मला पुरता भेटला नाही. माझ्या यादीत तो नाही. तुझ्या यादीत पहिला आहे, तर राहू दे, भावाच्या हसण्यावरून खाली आणू नकोस. पण पहिला का, ते दोन ओळींत लिही. ‘भारी आहे’, ‘अंगावर काटा आला’ असलं लिहायचं नाही. प्रसंग लिहायचा. लिहिता आला तर पहिला नंबर त्याचा. नाही आला तर तुझं तूच ठरव. मारधाडीचा सिनेमा आणि गंभीर सिनेमा एका यादीत चालतात का, या भानगडीत पडूच नकोस. एकाच ताटात ठेचाही असतो आणि खीरही असते. फक्त ठेचा मिळमिळीत नको आणि खीर करपलेली नको.

तू माझी यादी विचारली नाहीस, पण मी सांगणार आहे, कारण नुसता सल्ला कोरडा वाटतो.

पहिला ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर या दिग्दर्शकाने तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केला. संभाजीनगरला मी शेजारणीला घेऊन गेले होते. तिचं वय साठ. लग्न ठरण्याआधी तिला पाच वेळा दाखवलं होतं, हे मला थिएटरातून बाहेर आल्यावर कळलं. पडद्यावर नायिका सविता बघायला आलेल्या पुरुषांसमोर बसते, आणि ते ओळीने बसलेले पुरुष विचारू लागतात, नाव, शिक्षण, उंची. माझ्या शेजारणीने अंधारात पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि मान खाली घातली. बाकी काही नाही. तेच प्रश्न पुढे पुन्हा येतात, वेगळ्या पाहुण्यांकडून, आणि दर वेळी ते ऐकणं जास्त जड होतं. सविताला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि तिचा बाप कापूस पिकवतो. भाव पडला की लेकीच्या लग्नाचा खर्च त्याच्या हातून आणखी लांब जातो. अरे, हा सिनेमा तुझ्याइतका जवळून कोण बघू शकतं? शेतकऱ्याच्या हातात तू पावती देतोस आणि तो निव्वळचा आकडा वाचतो, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते तू सीझनभर बघतोस. तू ‘स्थळ’ तिसऱ्यावरून पाचव्यावर का नेलास, हे मला पुढच्या पत्रात कळव. मला वाटतं, हळू सिनेमा वर ठेवला तर लोक काय म्हणतील, या भीतीने नेलास. तसं असेल तर ती काट पुसून टाक.

दुसरा ‘होमबाउंड’. नीरज घायवानचा हा सिनेमा फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात गेला, आणि ऑस्करसाठी भारताने यंदा तोच पाठवला. दोन मित्र, पोलीस भरतीची परीक्षा, मग पोटासाठी परमुलखात गिरणीतलं काम आणि मग टाळेबंदी. मी तो संभाजीनगरला दुपारच्या खेळाला पाहिला आणि संध्याकाळच्या गाडीने परभणीला निघाले. अर्ध्या-पाऊण तासात करमाड आलं. ८ मे २०२०च्या पहाटे याच करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली होती. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते ते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो तूही पाहिला असशील. गेली पाच वर्षं त्या ठिकाणावरून मी किती वेळा गेले, मोबाइल बघत, डबा खात. त्या दिवशी डबा उघडला नाही. तुझ्या गावावरून जाते तीच ही लाइन. ‘होमबाउंड’ आता नेटफ्लिक्सवर आहे. सुट्टीच्या दिवशी बघ, आणि दुसऱ्या दिवशी कामाला फार लवकर जायचं असेल तर रात्री बघू नकोस. झोप येणार नाही.

‘साबर बोंडं’ मी पुण्यात लेकीकडे असताना पाहिला, तिच्याच शेजारी बसून. रोहन कानवडेच्या या सिनेमाला २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधला सगळ्यांत मोठा पुरस्कार मिळाला. मराठी सिनेमाला तिथे असा मान आधी कधीच मिळाला नव्हता. मुंबईत वाढलेला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, आणि लहानपणच्या बाळ्याशी त्याची पुन्हा गाठ पडते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. दोन पुरुषांचं प्रेम, आणि भोवती सुतकातलं घर, पाहुणेरावळे, ‘आता लग्न कधी करतोस’ असं विचारणारे नातलग. मला त्या आईने जिंकलं. मुलाला काय हवंय ते तिला कळलेलं आहे, आणि ती त्याचा गाजावाजा करत नाही. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. भांडी वाजतात, गुरं हंबरतात, माणसं हळू बोलतात, एवढंच ऐकू येतं. साबर बोंडं म्हणजे आपल्याकडे निवडुंगाची बोंडं म्हणतात तेच फळ. काटे झाडून फोडलं की आतून लालभडक, खाल्लं की जीभ, ओठ, बोटं सगळी रंगतात आणि घरी चोरी कळते. हा सिनेमा तुझ्यापर्यंत आला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. येईल तेव्हा बघ, आणि ज्या साली पाहशील त्या सालच्या यादीत लिही.

‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ तुझ्या यादीत आहे हे पाहून बरं वाटलं. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख गावातले मित्र गोळा करून सिनेमा काढतो, ती खरी गोष्ट. ‘दशावतार’ही माझ्या यादीत आहे. उत्तरार्ध मला ताणलेला वाटला, तरीही आहे, तो दिलीप प्रभावळकरांसाठी. वयाच्या ८१व्या वर्षी, दृष्टी जात चाललेला म्हातारा दशावतारी कलावंत त्यांनी असा उभा केलाय की रंग लावताना त्यांची बोटं चेहऱ्यावरून फिरतात तेवढंच मी बघत होते. बाकीच्यांबद्दल पुन्हा कधीतरी.

मोबाइलवर पाहिलेत म्हणून लाजू नकोस. थिएटर नसेल तर माणूस काय करेल? पण बघायची एक रीत लाव. दिवसभर तुझ्या कानांत सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज असतो. घरी आल्याबरोबर सिनेमा लावू नकोस, अर्धा तास कान शांत होऊ दे. दिवा मालव, इयरफोन घाल, मोबाइल हातात न धरता डब्याला टेकवून ठेव. आणि एका बैठकीत संपव. तीन रात्री तुकड्या-तुकड्याने पाहिलेला सिनेमा म्हणजे थंड झालेली भाकरी. पोट भरतं, चव कळत नाही.

फुकट उतरवलेल्या दोन सिनेमांबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. तू खरं लिहिलंस म्हणून तुझ्याबद्दल आदर आहे, पण ते बंद कर. ‘छावा’चं त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘स्थळ’सारख्याचं. त्याच्या मागे मोठा नट नाही, जाहिरातीचा पैसा नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत जेवढी तिकिटं फाटतात त्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. छोट्या मराठी सिनेमाला पुष्कळदा सकाळचा नाहीतर भर दुपारचा एकच खेळ मिळतो. तेव्हा माणसं कामावर असतात. सोमवारी ‘प्रेक्षक नाही’ म्हणून तो उतरतो. मग तू म्हणतोस, आमच्याकडे आलाच नाही. या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत, बाळा. शेतकऱ्याचा कापूस काट्यावर न चढवता कुणी परस्पर नेला तर तू ओरडशील ना?

त्याऐवजी हे करून बघ. तुझ्या जवळच्या थिएटरमालकाला जाऊन भेट. एकटा नको, चार-पाच जण घेऊन जा. पूर्वी सिनेमाची पेटी यायची, रेल्वेने किंवा एसटीने, आणि ती अडकली की खेळ रद्द. आता पेटी नाही. सिनेमा डिस्कवर नाहीतर उपग्रहावरून येतो आणि वितरकाने परवानगीची चावी पाठवली की ठरलेल्या खेळांपुरता उघडतो. म्हणजे एका रविवारच्या एका खेळासाठी सिनेमा आणणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मालकाला फक्त एवढंच विचारायचं असतं, खुर्च्या भरतील का? तुम्ही साठ-सत्तर नावं लिहून नेलीत, पैसे आधी गोळा केलेत, तर तो वितरकाला फोन करेल. जिनिंगमधलेच किती जण आहेत बघ. शाळेतले शिक्षक, मेडिकलवाला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतल्या मुली. त्या मुलींना तर ‘स्थळ’ आधी दाखव. आमच्या गावात आम्ही हा उद्योग दोनदा केला. एकदा जमला. दुसऱ्यांदा थिएटरवाल्याने सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधीच दिवे लावले, पुढच्या खेळाची गर्दी बाहेर उभी होती म्हणून. शेवट अर्धा उजेडात पाहिला. खूप राग आला होता. तरी तिसऱ्यांदा करणार आहे, आणि या वेळी वेळ आधी ठरवून, लिहून घेणार आहे.

आणि जानेवारीत चार दिवस रजा काढ. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. सेलूहून गाडीने अडीच-तीन तास. आधी नोंदणी केली की पास मिळतो आणि सकाळी गेलास तर रात्रीपर्यंत चार सिनेमे होतात. पहिल्या वर्षी मात्र तीनच बघ, चौथ्याला डोकं चालत नाही. परदेशी सिनेमाखालच्या इंग्रजी ओळी वाचायला जमतील का, ही भीती मलाही होती. पहिली दहा मिनिटं ओळी वाचण्यात जातात आणि चेहरे सुटतात. मग डोळ्यांना सवय होते, आणि अर्ध्या तासाने आपण वाचतोय हेच लक्षात राहत नाही. एखादी ओळ सुटली तर सुटू दे. सिनेमा संपल्यावर लगेच उठू नकोस. दिग्दर्शक आलेला असला तर समोर येऊन बोलतो, आणि मागच्या रांगेतला कुणीही त्याला प्रश्न विचारू शकतो. तुझ्यासारख्याने विचारावा. मला एकाही महोत्सवात काट्यावर बसणारा माणूस भेटलेला नाही, आणि कापूस पिकवणाऱ्या बापाबद्दल बोलायचा हक्क तुझ्याइतका तिथे कुणाला असेल?

राहिली आई. ‘माहेरची साडी’ १९९१चा. तू तिचं वय लिहिलं नाहीस, पण तिचं लग्न त्याच सुमाराचं असणार. तेव्हा गावोगावच्या बाया ट्रॅक्टर-बैलगाड्या जुंपून तो बघायला गेल्या होत्या, आमच्या गल्लीतल्या अकरा जणी एका टेम्पोत गेल्या. रडून रडून डोळे सुजवून आल्या आणि आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. म्हणजे तुझी आई सिनेमाच्या विरुद्ध नाही, लेकरा. चौतीस वर्षांत तिला कुणी ‘चल’ म्हटलं नाही, एवढंच आहे. आणि आता घरात जो सिनेमा बघतो, तो पाठ फिरवून, कानात बोंडं घालून, एकटाच बघतो. मीही रागावले असते.

तिला आधी ‘आता थांबायचं नाय’ दाखव. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार, झाडू-गटारीचं काम करणारे, रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात. घडलेल्या गोष्टीवरचा सिनेमा आहे. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला तो कसा दिसेल, हे तुला-मला सांगता यायचं नाही, ती सांगेल. मोबाइलवर नको. कुणाकडून तार आणून टीव्हीला जोड, रविवारी दुपारी, तिची भांडी आटोपल्यावर. मध्ये उठून चहा करायला लागली तर तू कर. सिनेमा संपला की लगेच ‘कसा वाटला’ म्हणून मागे लागू नकोस. रात्री जेवताना ती आपणहून बोलेल.

फेब्रुवारीत यादी पुन्हा पाठव. पावतीच्या मागेच लिही, दोन तारखांसकट, आणि प्रत्येक नावाखाली एकेक प्रसंग. अकरावी ओळ आईसाठी मोकळी सोड. तिचा सिनेमा तिनेच सांगायचा, आणि तिला लिहायचं असेल तर पेन तिच्याच हातात दे.